गोरक्षचा टास्क

२ जून, सोमवार
गोरक्षचा टास्क शेवटी माझ्याच गळ्यात! चाकणच्या प्लांटला पाठवायचं सॉफ्टवेअरचं पॅकेज बिल्ड होताना, म्हणजे तयार होताना, त्यात मशीनची सेटिंग भरणारा कोडचा तो तुकडा. एप्रिलमध्ये त्यातून जुनी सेटिंग गेली, प्लांटची लाइन तीन तास बंद. क्लायंटला कुणाचं तरी नाव हवं होतं. सुजित सरांनी गोरक्षचं दिलं आणि त्याच आठवड्यात त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. मी तेव्हा गावी, बाबांच्या दिवसांना.

सर म्हणाले, "तनुजा, शुक्रवारपर्यंत चूक शोधून दे." हो म्हटलं. गोरक्षसाठी वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

३ जून
वाकडच्या सिग्नलला पाऊण तास. डबा तसाच परत आणला. काही नाही.

४ जून
गोरक्षचा कोड तीनदा वाचला. चूक नाही! माझ्या लॅपटॉपवर नवी सेटिंग येते, ऑफिसच्या बिल्ड सर्व्हरवर जुनी. कोड तोच. एप्रिलमध्ये तो हेच ओरडत होता म्हणे — "सर, माझ्याकडं बरोबर चालतंय!" सर म्हणाले, "प्लांट काय तुझ्या लॅपटॉपवर चालतो?" सगळे हसले. शेजारच्या प्रीतमनं आज हे सांगितलं आणि परत हसला.

५ जून
सापडलं. क्लास, म्हणजे सेटिंगचा तो तुकडा, नेमका कुठून उचललास, ते सर्व्हरला छापायला लावलं. आम्ही दिलेल्या फाईलींच्या यादीतून नाहीच! बिल्ड टूलच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये एक जुनी जार फाईल, कोडचं गाठोडंच, पडलेली, आत त्याच नावाचा जुना क्लास. क्लास शोधून आणणारा लोडर म्हणजे नवी सूनबाई — आधी वरच्यांना, म्हणजे टूलच्या फोल्डरला विचारणार. तिथं मिळालं की आमच्या यादीकडे ढुंकूनही बघत नाही. एरर नाही, काही नाही.

त्या फोल्डरमध्ये फाईल टाकायची परवानगी दोघांनाच. सर आणि मी.

फाईल कुणाची ते बघितलं. माझी. ११ मार्च.

आठवलं. बाबा आयसीयूत, मी दवाखान्याच्या जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन. दुसऱ्या एका क्लायंटचं जुनं बिल्ड अडलेलं. म्हटलं, दोन दिवसांपुरती टाकू, मग काढू. बदलांच्या शीटमध्ये नोंदसुद्धा केली नाही. पुढे बाबाच गेले. बाकी सगळं विसरले.

६ जून
जार काढली. बिल्ड पास. सर खूश — "शाब्बास! काय होतं गं?"
"जुनी जार राहिली होती, सर."
"गोरक्षचीच ना? वाटलंच मला."
मी मान हलवली. हो म्हणून! लाज वाटायला हवी होती. जागेवर येऊन पुढचा टास्क उघडला.

७ जून, शनिवार
गोरक्षला फोन केला. चाकणलाच एका कंपनीत पॅकिंगला लागलाय, कंत्राटी. अडखळत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हायतीय ताई. शेवटच्या दिवशी फाईलवर तुमचं नाव बघितलं व्हतं. तुमचे वडील जाऊन चारच दिस झालेले. कुठल्या तोंडानं सांगणार?"

फोन ठेवला आणि रडू फुटलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मग सरांना मेल टाकला — ती फाईल माझी होती, गोरक्षची नव्हती. काल मी खोटं बोलले.