पहिल्या फेरीला पिशवी उघडायची नाही

आई, तुझी नात कॉलेजला निघालीय. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती, पण तुला ओळखते ती कडू कंदांवरून. तळेघरला तू ते कंद राख घालून उकळायचीस, पाणी ओतून द्यायचीस, पुन्हा उकळायचीस आणि पहिली फोड स्वतः खाऊन बसायचीस. आम्ही पोरं भुकेनं कावलेली. तू म्हणायचीस, "दम धरा. ऊन उंबऱ्यावर येऊ द्या. मला काय झालं न्हाई तर मग तुमी खा." मी हे तिला गंमत म्हणून सांगितलं, तर पोरगी विचारते, "पण आजीला काही झालं असतं तर?" तेव्हापासून तिचा एकच धोशा. कशानं माणूस बरा होतो, कशानं दगावतो, किती घेतलं की दगावतो, हेच शिकायचंय तिला. आधी फार्मसीची पदवी, मग पुढे औषधशास्त्र आणि विषशास्त्राची.

शिनोलीला आमच्या घरात महिनाभर दुसरा विषय नाही. तुझे जावई म्हणतात, "जवळचं कॉलेज बघा. एस्टीनं जाईल, घरचा डबा खाईल. लांबचं आपल्याला झेपायचं न्हाई." माणूस वाईट नाही गं, भात आणि दोन म्हशींवर घर चालतं, खर्चाला बिचकणारच.

मी म्हटलं, आधी बघून तर येऊ. घोडेगावच्या बाजारात तू करायचीस तसंच केलं. पिशवीची घडी काखेत, आणि एक फेरी नुसती विचारायची. "पयल्या फेरीला पिशवी उघडायची न्हाई, उघडी दिसली की भाव चढतो." मग तुझा ठरलेला प्रश्न, "याच्यासंगं काय काय येतं?" पातेल्याच्या झाकणाचे पैसे वेगळे निघाले की तू चालू लागायचीस.

पहिल्या कॉलेजात गुळगुळीत फरशी, थंडगार ऑफिस. तिथले साहेब म्हणतात, "आजच प्रवेश घेतलात तर सूट देतो, ताई." मी विचारलं, फीसंगं काय काय येतं? हॉस्टेल वेगळं, मेस वेगळी, प्रयोगशाळेचे वेगळे. अगं, सगळी झाकणंच वेगळी! पोरीला कोपरानं ढोसलं आणि उठलो. दुसरं एस्टीच्या वाटेवरचं. मुलींना फीत सरकारी सवलत, राहण्याचा खर्च नाही, स्वस्तच ते. पण तिला हवी ती पुढची पदवी तिथं नाही. तिसरं लांब, सरकारी. तिथं फी थोडी, हॉस्टेलही बेताचं, पण मेस आणि सणावाराला येणंजाणं धरलं की एस्टीवाल्यापेक्षा वर जातंच. प्रयोगशाळेच्या दारात पोरगी तिथल्या शिपायाला प्रश्नावर प्रश्न विचारत राहिली. तो हसून म्हणाला, "ताई, हिला आजच ठेवून जा." तिचा चेहरा असा फुललेला मी कधी बघितला नव्हता. तू हवी होतीस गं तेव्हा.

काल यादी लागली. तिसऱ्या कॉलेजात नंबर लागलाय.

तुला ती कंपासपेटी आठवते? दुसऱ्या फेरीला तू सरळ महागाच्या दुकानात शिरलीस आणि पक्क्या पत्र्याची पेटी माझ्या हातात दिलीस. घरी आबांनी विचारलं, तर म्हणालीस, "लई स्वस्तात घावली." मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू डोळे वटारलेस. त्या पेटीवर माझं सातवीपर्यंत भागलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तर लिहितेय. वरचा खर्च मी शिवणातून काढीन, निघेल तो. तुझे जावई आत्ता ओट्यावर बसून तिच्या ट्रंकेला नवं कुलूप लावून बघतायत. वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगतायत, "लांब हाये, पण सगळं धरून तेच स्वस्त पडतंय, राव."

त्यांना हे कुणी सांगितलं, ते तू ओळखलंच असशील.