गुलाबाच्या मुरांब्यातलं तापमान

प्रिय बोगुमिल,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे तुझ्या बहिणीच्या, सेलिनाच्या हाती पाठवते आहे. तिनं आणलेलं सूप पिता पिता तरी वाच. चुरगाळायचंच असेल, तर शेवटपर्यंत वाचून मग चुरगाळ.

मंगळवारी तुझ्या मांडीतली गाठ तापवून मारायची आहे. डॉक्टर ओल्शान्स्की तू नि मी शोधलेली उजळणारी पूड गाठीत सोडणार, वरून लेझर टाकणार आणि पुडीतून उजळणाऱ्या दोन रंगांचं प्रमाण बघून आत किती तापलंय ते ठरवणार. गाठीला खेटून पायाची मुख्य नस आहे. चार अंश जास्त झाले की नस गेली, म्हणजे पाय गेला. हे मी तुला सांगावं म्हणजे कमालच, पण तारेचा तापमापक आत टोचायला तूच नकार दिलास. ‘मग प्रकाशाचा शोध काय शोभेला लावला?’ असं डॉक्टरांना सुनावलंस म्हणे. शोभतं तुला!

परवा उपासाआधीचा खादाड गुरुवार झाला. तू नव्हतास, तरी प्रयोगशाळेत मुरांबा भरून तळलेल्या पोंचक्यांचा ढीग आलाच. आपल्या कायेतानला हुक्की आली. त्यानं काचेच्या बारीक नळीत पूड भरली आणि गरमागरम पोंचकीच्या पोटात, थेट गुलाबाच्या मुरांब्यात खुपसली, शेजारी तार. ‘होऊन जाऊ दे बोगुमिलच्या नावानं!’ तार म्हणाली सत्तेचाळीस अंश, पुडीचा प्रकाश म्हणाला त्रेचाळीस. सगळे खो खो हसले. ‘पोंचकी लाजतेय रे, अंगातला ताप लपवतेय,’ कायेतान म्हणाला. मीही हसले, आणि मग हातातली पोंचकी खाली ठेवून दोन्ही आकडे वहीत उतरवले.

मुरांबा पुडीच्या दोन रंगांपैकी एक जास्त खातो. प्रमाण बिघडतं आणि पूड थंड असल्याची थाप मारते. आपण इतकी वर्षं पूड काचेवर पसरून मोजली, आणि काच बिचारी कुठलाच रंग खात नाही. मी खाटकाकडून डुकराचं मांस आणलं, चरबीसकट. त्याच्या आत पूड ठेवून पुन्हा मोजलं. चरबीचा थर जाड केला तशी थाप वाढत गेली. मंगळवारी पडद्यावर सगळं ठीक दिसलं असतं आणि आत तुझी नस शिजली असती.

ओड्रा नदी गोठली होती त्या हिवाळ्यात तू माझ्या मिटल्या मुठीत पूड ठेवून मोजली होतीस, आठवतं? ‘बाई, तू तर बर्फाची आहेस!’ म्हणालास. मी चिडले होते, कारण माझे हात चांगले उबदार होते; थाप तेव्हाही पूडच मारत होती. पुढे आपण वेगळे झालो, मी प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर खोली मागून घेतली, आणि आता सगळे म्हणतील की इर्मिना जुना राग काढतेय. तूही म्हणशील. म्हण.

हे पत्र तुझं मन वळवायला लिहिलेलं नाही. तुला पटवत बसले असते तर मंगळवार उलटून गेला असता. आज सकाळीच मी डॉक्टरांना जाऊन भेटले आणि मांसातली सगळी मापं त्यांच्यापुढे ठेवली. मंगळवार रद्द झालाय. तार टोचल्याशिवाय ते तुला हात लावणार नाहीत. आपला शोधनिबंधही मागे घ्यावा लागेल; त्यावर पहिलं नाव तुझं आहे, पण दुसरं माझं आहे. तू तारेला हो म्हणेपर्यंत गाठ थांबणार नाही हे मला कळतं, आणि त्याचीच भीती वाटते. पण हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर जाऊ नये, म्हणून लिहिलं. हवं तर जन्मभर माझ्याशी बोलू नकोस. फक्त एकदा, दोन्ही पायांनी जिना चढून वर ये आणि मला तोंडावर शिव्या दे.

तुला नको असले तरी तुझीच,
इर्मिना