टकटकचा कान

१२ मे २०१८
फणसाचा प्रोग्राम सुरू! नाव ठेवलं — टकटक. फोन फणसाजवळ धरायचा, बोटाने ठोकायचं. पिकलाय की कच्चा, ते फोन सांगणार. याआधी केलेला भरती-ओहोटीचा प्रोग्राम मी एकट्यानेच वापरला, आंब्याच्या पेट्यांचा तर मीही नाही. हा तरी चालावा.

"अहो, दिवसभर मोटारी ठोकता, आता घरी येऊन फणस ठोकणार?" — शालन. पण हसत होती.

कच्चा टणटणीत बोलतो, पिकलेला बदबद. फोनला काय कळतंय! मीच ठोकतो, आवाज भरतो, कापून बघतो, मग त्याला शिकवतो. कॉलेज पाहिलं नाही, पण कान आईचा घेतलाय. पंप चालू केला की न उघडता सांगतो, बेअरिंग गेलंय की वाइंडिंग. नाचणे गावातलं माझं मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान या कानावरच उभं राहिलं.

२ जून २०१९
जयगडच्या बाबूला टकटक दिलं. जुना दोस्त, दारात फणसच फणस. "मेल्या, फणस कापायच्या आधी आता फोन चार्ज करायचा काय!" तरी घेतलंन.

३० मे २०२१
बाबू म्हणतो, एकदाही चुकलं नाही. छाती फुगली!

९ ऑक्टोबर २०२४
दारावरची बेल मंदावली. नवी बसवली — तीही फुसकी! हल्लीच्या मालात जीवच नाही. शालन तर बाजारातून आली की सरळ कडी आपटते.

४ मे २०२५
टकटक बिघडलं. मी म्हणतो पिकलाय, ते म्हणतं कच्चा. पुन्हा पुन्हा तेच! शिष्य गुरूला शिकवायला लागला. बसून त्याचं मोजमाप बदललं, माझ्या कानाशी जुळवलं. बाबूलाही नवं पाठवलं.

११ मे
लेक तेजल आणि जावई प्रज्ञेश मुंबईहून आले. फणस मी ठोकला, टकटकनेही मान डोलावली. कापला — ठार कच्चा! विळीला चीक, हाताला चीक, जावयाच्या शर्टाला चीक. खोबरेलाची बाटली संपली. "असू दे बाबा, भाजी करू," तेजल म्हणाली.

१३ मे
बाबूचा फोन. "तुझ्या यंत्राचे कान फुटले काय रे? चांगले फणस फुकट गेले!"
म्हणजे जुनं बरोबर होतं?

१४ मे
दुकान उघडलं नाही. २०१८ साली भरलेले आवाज काढले. कापून, खात्री करून मीच त्यांना नावं दिलेली. नावं झाकून ऐकत बसलो. सगळे पिकलेले! मग नावं उघडली. निम्मे कच्चे.
टणटण आवाजात आहे — पडद्यावर रेघ उंच उठलेली दिसते. मला ऐकू येत नाही.
जुनं टकटक बाबूला परत पाठवलं. चूक माझी, एवढंच लिहिलं. कानाचं नाही लिहवलं.
गिऱ्हाईक मालनताईंचा पंप गेल्या आठवड्यात नुसता ऐकून 'ठीक आहे' म्हणून परत दिलेला. तो आधी आणायचा.

१५ मे
पंप उघडला. बेअरिंग गेलेलं.
संध्याकाळी शालनला विचारलं, तू कडी का आपटतेस?
"बेल तुम्हाला ऐकू येत नाही. कडी आपटली की दार हादरतं, ते कळतं तुम्हाला."
कधीपासून?
"नवी बेल आणलीत ना, त्याच्या आधीपासून."