आधी आजारी, मग तान्ही

३ मार्च
ज्याच्या कृपेने मुक्या जिवाच्या नाकपुडीतूनही प्राण ये-जा करतो, त्या करुणाकराला वंदन करून ही नोंद आरंभितो. विषय : डुकरांचा विषाणूजन्य रोग, नाव पीआरआरएस. गर्भ आणि श्वास या दोहोंवर एकाच वेळी घाला घालतो. सूनबाईच्या फार्मवरील बेचाळीस डुकरिणींपैकी तिघींना ताप, कान निळसर. एकीचा गर्भ मुदतीच्या तीन आठवडे आधी गळाला. रक्ताचा रिपोर्ट आज आला.

तिघींना शेडच्या टोकाच्या कोठडीत वेगळे ठेवले आहे. बाळंतघरात अकरा डुकरिणी आणि ब्याण्णव पिले. तेथे रोग पोहोचलेला नाही. पोहोचला तर सगळा कळप काढून टाकावा लागेल, असे जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे सूनबाईची नऊ वर्षे पाण्यात.

संकल्प : रोगाचा बंदोबस्त मी स्वतः करणार.

४ मार्च, सकाळ
डॉक्टरीणबाईंनी सर्वांना उभे करून तासभर सूचना दिल्या. मी पहिली पाच मिनिटे ऐकल्या. पुढचे मुद्दे स्वच्छतेचे दिसले, म्हणून उठलो. दोन वेळा स्नान करणाऱ्या मनुष्यास स्वच्छता कोणी शिकवावी?

५ मार्च
फेरी सुरू. स्नान, धूतवस्त्र, हाती पोथी. क्रम शास्त्राला धरून : जेथे यातना, तेथे प्रथम. आजारी कोठडीत एक अध्याय, प्रत्येकीच्या कपाळावर हात. तेथून थेट बाळंतघर. तान्ह्यांना एकेक करून आशीर्वाद. सूनबाई त्या वेळी कोठारात खाद्य मोजत असते, म्हणून तिची अडचण होत नाही. कामगार मला पाहून बाजूला होतात. आदर.

७ मार्च
आजाऱ्यांपैकी एक, जिला कामगार पट्टराणी म्हणतात, आज उठून बसली. दुसऱ्या अध्यायाचा परिणाम. डॉक्टरीणबाईंच्या मते तापाचे औषध लागू पडले. त्यांचे समाधान त्यांना लखलाभ. पट्टराणी पोथीवर तीनदा शिंकली. होकार समजलो.

९ मार्च
प्रत्येक दारात जंतुनाशकाची परात आली आहे. बूट बुडवून मगच आत जायचे. वास असह्य, पोथी हाती असता असल्या द्रवात पाऊल घालणे प्रशस्त नाही. विचारांती तोडगा सापडला. विषाणू बुटांवरून जातो ना? मग बूटच घालायचे नाहीत. आजपासून अनवाणी. इतके शिकूनही डॉक्टरीणबाईंना हे सुचू नये, याचे नवल वाटते.

१२ मार्च
बाळंतघरात तिसऱ्या कप्प्यातली चार पिले धापा टाकीत आहेत. कुशी भात्यासारख्या हलतात.

संशय : खाद्याच्या ट्रकचा ड्रायव्हर. हसणे रोगट आहे. सूनबाईला सांगितले. ती म्हणाली, तो फाटकाच्या आत कधी आलेलाच नाही, पोती बाहेरच उतरवतो. काही माणसे दुरूनही कार्यभाग साधतात, हे तिला या वयात कसे कळावे?

संकल्प : उद्यापासून दोन फेऱ्या.

१५ मार्च
पाचवा कप्पा. सहावा. एकोणीस पिले गेली. संशयितांत कबुतरे वाढवली. सूनबाई दोन दिवस धड जेवलेली नाही. ताटावर बसते आणि फोन वाजला नसताना उठून जाते. चिरंजीव म्हणाले, बाबा, तुम्ही जरा आराम करा. घर पेटले असता आराम!

संकल्प : तीन फेऱ्या.

१७ मार्च, दुपार
डॉक्टरीणबाईंनी सर्वांना ऑफिसात बोलावले. कोण, केव्हा, कोठून कोठे जाते, याची चौकशी. कामगारांनी आपापले सांगितले. मग एकजण खाली पाहत म्हणाला, बाबाही येतात. माझ्या सेवेचा उल्लेख अखेर कोणी केला, म्हणून मी पुढे सरसावलो.

"बाबा, सकाळी आधी कुठे जाता?" सूनबाईने विचारले.

"जेथे यातना तेथे आधी. आजाऱ्यांकडे."

"आणि तिथून?"

"थेट तान्ह्यांकडे."

"मधे हात धुता?"

"मी स्नान करूनच निघतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. हळू आवाजात म्हणाल्या, फेरी तान्ह्यांपासून सुरू करायची आणि आजाऱ्यांपाशी संपवायची. तेथून मागे फिरायचे नाही. हे चार तारखेला सर्वांना सांगितले होते. मी म्हणालो, ड्रायव्हरचेही एकदा तपासा.

सूनबाई रागावली असती तर बरे झाले असते. तिने माझा हात धरून नळापाशी नेले, साबण लावला आणि लहान मुलाचे धुवावेत तसे माझे दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले. बराच वेळ धूत राहिली.

२२ मार्च
कळप आज गेला. पट्टराणी ट्रकमध्ये चढताना अडून बसली होती. सूनबाईने कानाशी काही सांगितल्यावर चढली. आता शेडमध्ये फक्त पाण्याच्या पाइपचा आवाज.

ड्रायव्हर निर्दोष. येथे लिहिले; त्यास तोंडाने सांगायचे राहिले. खाद्य लागत नाही, त्यामुळे तो येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी ही वही मागितली आहे. त्यांना तारखा जुळवायच्या आहेत. पाने फाडावीत असे दोनदा मनात आले. फाडली नाहीत. आता हे परक्यांच्या दृष्टीस पडणारच, तेव्हा एवढेच : जे कोणी वाचतील, त्यांचे गोठे भरलेले राहोत, त्यांच्या घरची तान्ही मोकळा श्वास घेवोत, आणि माझ्यासारखा हितचिंतक त्यांच्या दारी न येवो.