पास झालेला विषय पुन्हा

शारजा, ९ मार्च २००१

जैनबबी, सलाम व दुवा.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. सगळे खुशाल आहेत, फक्त माझं डोकं फिरलंय. आपली नात अलिना कॉलेजात केमिस्ट्री पास झाली, तरी तोच विषय पुन्हा घेतेय. सरासरी कमी पडलीय, एवढ्यावर मेडिकलला घेणार नाहीत म्हणे.

"पास झालेल्या विषयाला पुन्हा कोण बसतं?" म्हटलं, तर आपल्या आजोबावरच ओरडली, "दादा, यू डोन्ट अंडरस्टँड!"

यात वर्ष जाणार, चिपळूणची मुलाकडची मंडळी तिच्या मंगनीला तेवढं थांबतील का? मला विचारायची लाज वाटते, तूच जा.

तुझा गुडघा कसा आहे?

एरवी इंग्रजीत भांडणारी पोर आत्ता मराठीत विचारतेय, "दादा, थांबायचं लिहिलंत का?" काय ते लवकर कळव.

तुझा भाऊ,
हमदुल्ला