लॉकमधली ओहोटी

बाबा, मागच्या महिन्यात मी इंग्लंडमध्ये चार दिवस बोटीत राहून आले. आता बहारीनला, सनदच्या घरात एसी लावून बसलेय, बाहेर रस्ता तापलाय, आणि अंग अजून डुलतंय. मुलगा तिकडे नोकरीला आहे, त्यानेच बोट भाड्याने घेतली. माणसांनी खणलेला कालवा, आणि बोट लांब पण इतकी अरुंद, की तुमचे जावई आणि मी आत समोरासमोर आलो की एकाने मागे सरायचं. खाडीत तुमच्या तरीच्या होडीतली माणसं एसटी चुकेल म्हणून घाईत असायची. इथे कुणाला कुठे पोचायचंच नव्हतं. कुत्रा फिरवणारी एक बाई काठावरून आम्हाला मागे टाकून गेली, तर हे म्हणाले, "यल्ला, चल, उतरून चालूया, लवकर पोचू!" निघताना मी पाण्याला हळदकुंकू वाहिलं, खडीसाखर सोडली. मुलगा म्हणाला, "आई, इट्स जस्ट अ कॅनॉल." म्हटलं, असू दे. पाण्यावर जायचं तर पाण्याला सांगून जावं.

तिथे उतार आला की लॉक असतं. म्हणजे दोन्हीकडे झडपांचे दरवाजे असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा आणि पुढच्या झडपा उघडायच्या, की पाणी ओसरतं आणि बोट विहिरीत उतरल्यासारखी खाली जाते. तिसऱ्या दिवशी हे आत चहा करत होते, मी काठावर उभी, मुलगा पुढच्या दरवाज्याशी झडपेचं हँडल फिरवतोय. पाणी उतरू लागलं, आणि बोट एका अंगाने वरच राहिली. काठावरच्या खुंटाला दोर करकचून बांधलेला. बोट कलू लागली, आत कपबश्या फुटल्या, ह्यांचा आवाज आला, "अगं, काय चाललंय? मी पडतोय!" मुलगा धावत येऊन गाठीशी झटू लागला. बोटीचं सगळं वजन त्या गाठीवर. ती कसली सुटते!

मला आपल्या खाडीवरचा तरीचा धक्का दिसतो. मी नऊ वर्षांची, ओहोटीला आपली होडी दोराला लटकलीय, आणि तुम्ही चिखलात उभे राहून ती खांद्याने उचलताय. "ओहोटीक दोर ढिलो ठेवूचो, कितीदा सांगू तुका? पाणी काय तुज्यासाठी थांबतलां, गो?" खाडीचं पाणी थांबत नव्हतं. पण इथे भरती आमच्या हातात होती. मी ओरडले, "गाठ राहू दे! आधी पुढच्या झडपा बंद कर, मग मागच्या उघड. पाणी परत आण!" मुलगा पळाला. हौदात पाणी चढू लागलं, बोट हळूहळू सरळ झाली, दोर सैल पडला, आणि गाठ मी माझ्या बोटांनी सोडवली. हे डोकं चोळत बाहेर आले. "चहा सांडला," एवढंच म्हणाले, पण माझा हात धरून.

मागच्या बोटीतला म्हातारा साहेब सगळं बघत होता. विचारलंन, हे कुठे शिकलात? बहारीनमध्ये इंजिनिअर-बँकरांच्या बायका विचारतात तेव्हा मी आजवर सांगत आले, वडिलांचा बोटींचा व्यवसाय होता. त्या साहेबाला मात्र मॅट्रिकच्या इंग्रजीत खणखणीत सांगितलं, माय फादर रो द फेरी बोट, थर्टी इयर्स. त्याने टोपी काढली. ती तुमच्यासाठी होती, बाबा. मुलगा म्हणाला, "आजोबा तरीची होडी वल्हवायचे? तू कधी सांगितलं नाहीस!" परवा इथल्या मंडळाच्या हळदीकुंकवालाही मी तसंच, खरं ते सांगितलं. ऊर भरून आला होता.

तुम्ही गेलात, हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून हेही लिहिते. मुलाने दोर खुंटाला नुसता सैल वेढा देऊन ठेवला होता, अगदी बरोबर. तो झडपेकडे गेल्यावर मला ते अर्धवट वाटलं. गावी जाताना विमानात न्यायचे खोके नायलॉनच्या दोरीने आवळते, तशा मी त्यावर एकावर एक तीन गाठी मारल्या. त्याला वाटतं, वेढाच आवळून गाठ बसली, चूक त्याची. संध्याकाळी म्हणाला, "सॉरी आई, माझ्याकडूनच काहीतरी चुकलं." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हटलं, "असू दे रे. होतं."