माहेरवाशिणी धरल्या नाहीत

लोहगडवाडी
१० जून २०२५, मंगळवार

माधवे,

आशीर्वाद शेवटाला देईन. आधी हे सांग, त्या कागदाखाली तुझं नाव का हाय? काल संस्थेचा कैलास कामशेतच्या हापिसातनं वर आला, डायवर तन्वीरला जीपशेजारी उभा केला आन् म्हणला, तीस तारखेला चावी जमा कर, वाडीची जीप बंद. का, तर हिचा वाडीला उपयोग न्हाई असं दिल्लीहून लिवून आलंय. मी भजी तळत व्हते. कढई तशीच टाकून गेले. कागद इंग्रजी, मला काय कळतंय, पण खालचं नाव तन्वीरनं वाचलं. माधवी निलेश येवले, फायनान्स इंटर्न. दोनदा वाचाय लावलं मी त्याला.

सगळी वाडी माझ्या तोंडाकडं बघाय लागली. बघणारच. तुझा फ्लेक्स माझ्याच टपरीवर हाय. आमची भाची कु. माधवी हिची परदेशी संस्थेत फायनान्स पदी निवड, समस्त लोहगडवाडी. नारळ मी फोडला, पेढे मी वाटले. किल्ल्यावर येणारी पोरंपोरी भजी खाता खाता तुझा फोटो बघत्यात. भाची दिल्लीला पैशाचा कारभार बघती असं मी पार खालच्या गावापर्यंत सांगितलं. आता विठाबाई मला इचारती की तुमच्या पोरीनंच आमची गाडी काढली का. तिला काय सांगू?

उपयोग न्हाई म्हंजे काय? विठाबाईची लेक गेल्या पावसाळ्यात ह्याच जीपनं कान्ह्याच्या दवाखान्यात गेली. गेणूची बहीण गेली, ती तर निम्मी वाट ओरडत गेली, तन्वीरला तिनं बापाच्या नावानं शिव्या दिल्या आन् दुसऱ्या दिवशी त्यालाच पयला पेढा दिला. ह्या बायका काय फिराय गेलत्या का?

आन् आता आमची अनिता. तुझी मामेबहीण हाय, इसरली नसशील तर. सातव्यात ओटी भरून चाकणहून आणली, आषाढ सरता सरता तिचे दिवस भरत्यात. पयलं बाळंतपण माहेरी न्हाई तर कुटं करायचं? शनवार-रविवारी पाऊस लागला की खिंडीपासनं गाड्याच गाड्या, कुत्र्याला जायला वाट न्हाई. जीपवरचा पिवळा दिवा बघून तेवढे बाजूला व्हत्यात. दुसऱ्याला कोन वाट देतंय?

फोन करू नको. फोनवर तू व्हय मामी, व्हय मामी करतीस आन् ठेवतीस. मी लिवते तसं कागदावर लिव. तन्वीर ह्याचा फोटो काढून पाठवतो, तू पण तसाच पाठव. मी तिसरी पास हाय, मला वाचता येतं. अक्षर मोठं काढ.

बजरंगमामाचा आशीर्वाद. माझा पण, रागासकट.

तुझी
कस्तुरामामी


नवी दिल्ली
१३ जून २०२५

तीर्थस्वरूप कस्तुरामामीस,

सा. न. वि. वि.

अक्षर मोठं काढते आहे. भजी जळाली असतील तर मामानं त्या दिवशी काय खाल्लं तेही कळव, म्हणजे माझ्यावर एकूण किती राग आहे याचा अंदाज येईल.

मामी, इंटर्न म्हणजे शिकाऊ. हे मी तुला फ्लेक्स लावायच्या आधी सांगितलं होतं. तू म्हणालीस, आता नारळ फोडलाय, खालचं अक्षर बदलायचं नाही. कॉलेजात फायनान्स शिकणारी आम्ही पाच-सहा मुलं इथे सहा महिन्यांसाठी आलो आहोत. परदेशातून निधी येतो, तो ठरलेल्या माणसांवर ठरलेल्या कामासाठी खर्च झाला की नाही हे तपासायचं. कारभार वरचे लोक बघतात. आम्ही रकान्यात पात्र किंवा अपात्र लिहितो. मावळची फाइल मला दिली, कारण मुलाखतीत मी तुमच्या जीपबद्दल फार कौतुकानं बोलले होते. गाव तुझ्या माहितीचं आहे, तूच बघ, असं आमचे सर म्हणाले. मला त्या दिवशी आनंदच झाला होता.

नियम असा आहे की जीप वाडीत नोंद असलेल्या गरोदर बायकांसाठी. मी फेऱ्या उघडून बघितल्या. विठाबाईची लेक, पत्ता खोपोली. गेणूमामाची बहीण, पत्ता मुळशी. सगळ्यांचा पत्ता सासरचा, कारण नोंद सासरच्या नर्सकडे. आणि वाडीत ज्यांची नोंद आहे त्या वाडीच्या सुना. त्या दिवस भरत आले की आपापल्या माहेरी जातात, त्यामुळे त्यांच्यातली एकही जीपमध्ये बसलेली नाही. कागदावर बघणाऱ्याला असं दिसतं की वाडीची गाडी बाहेरच्या बायकांना फिरवते आणि वाडीच्या बायकांना तिची गरजच पडत नाही. मी प्रत्येकीला ओळखत होते मामी. तरी रकाना भरला. त्याला एक पानभर टिपण जोडलं, आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, माहेरवाशिणी धरल्याशिवाय या गाडीचा हिशोब लागणार नाही, असं.

एक मार्ग दिसतो. अनिताची गरोदरपणाची नोंद चाकणहून काढून आपल्या नर्सबाईंकडे लावली, तर वाडीची एक बाई तरी पात्र दिसेल. सरांना विचारलं, ते म्हणाले, मग बघता येईल. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला लागेल. तीस तारखेच्या आत करून घे.

अनिताला सांग, घाबरू नको. मामाला नमस्कार. राग आहे तिथे लोभही आहे हे मला माहीत आहे, तो कमी करू नकोस.

तुझी
माधवी


लोहगडवाडी
२० जून २०२५, शुक्रवार

चि. माधवीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पयल्यांदा कळलं न्हाई, दुसऱ्यांदा कळलं, तिसऱ्यांदा डोकं फिरलं.

बाहेरच्या बायका? तुझी आई तुझ्या येळंला वलवणहून हितंच आलती. तवा रस्ता न्हवता. वन्संना डोलीत घालून तुझ्या मामानं आन् आणखी तिघांनी भाजे गावाच्या बाजूनं खाली उतरवलं, मी मागनं कंदील धरून. वाटंत तुझी आई म्हणत व्हती, वैनी मला सोडू नका. तुझ्या रकान्यात ती पण बाहेरचीच. तू पण. लिव की अपात्र.

जाऊ दे. तू सांगितलंस तसं केलं. ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक इचारतो, लेक नांदत न्हाई का? मी म्हणले तुला काय करायचंय, दाखला दे. त्यानं माहेरी कायम वास्तव्यास असं लिवलं. कायम कशाला, तर म्हणला त्याबिगर नोंद बदलत न्हाई. मी घाईत व्हते, टपरी उघडी व्हती. घेतला आन् नर्सबाईकडं दिला. तिनं नाव लावलं.

तिकडं चाकणला दवाखान्याच्या आशाताईनं अनिताच्या सासूला जाऊन सांगितलं, तुमच्या सुनंचं नाव आमच्याकडनं कमी झालं, ती आता कायमची माहेरी. झालं. परवा सासू जावयाला घेऊन आली. आत आली न्हाई, पाणी घेतलं न्हाई, टपरीवरच उभ्या उभ्या बोलली. म्हणली, नांदवायची नव्हती तर बोलायचं होतं, दाखले कशाला काढता चोरून? मी जीपचं सांगितलं. ती म्हणली, गाडीत बसायला कुणी लेकीचं सासर बदलतं का? तिचं बी काय चुकलं सांग. मी तिच्या जागी असते तर हेच बोलले असते, वर आणखी चार बोलले असते. जावई सत्यमराव नुसता बूट बघत उभा. शेवटी सासू म्हणली, नाव हितं लावलंय तर आता हितंच राहू दे.

अनिता आतनं ऐकत व्हती. तवापासनं जेवली तर जेवली.

तुझा फ्लेक्स काढला. मागं लाकडावर घातलाय, लाकडं तरी कोरडी राहतील.

आता नाव लावलंय. तुझ्या सायबाला दाखला दाखव आन् जीपचं काय ते सांग. आन् अनिताच्या सासूला हापिसच्या कागदावर शिक्का मारून लिव की हे नाव नुसतं गाडीपायी हलवलं. तू सांगितलं म्हणून मी केलं, आता तू निस्तर. वन्संना ह्यातलं काय सांगितलं न्हाई, त्यांचा बीपी वाढतो.

तुझी
कस्तुरामामी


नवी दिल्ली
२७ जून २०२५

तीर्थस्वरूप मामीस,

सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे.

दाखला सरांना दाखवला. त्यांनी नीट बघितला. मग म्हणाले की जीप बंद करायचं एप्रिलमध्येच ठरलेलं आहे. निधी देणारे आता गाड्यांना देत नाहीत, दुसरं काही ठरलं आहे त्यांचं. माझा तक्ता फाइलला जोडण्यासाठी हवा होता. तो उलटा आला असता तरी चावी तीस तारखेलाच जमा झाली असती. मी विचारलं, मग बघता येईल असं का म्हणालात. ते म्हणाले, बघता येईल म्हणजे बघता येईल, माधवी, तू नवीन आहेस.

तन्वीरभाई चावी द्यायला जातील तेव्हा त्यांना माझा सलाम सांग.

दुसरी गोष्ट मी लपवली तर तू नंतर जास्त बोलशील, म्हणून सांगते. माहेरवाशिणींचं माझं टिपण इथे सगळ्यांना फार आवडलं. बैठकीत ते मोठ्या पडद्यावर लावलं. गावातल्या चालीरीती कशा समजून घ्याव्यात याचं उदाहरण म्हणून ते पुढच्या अहवालात जाणार आहे. त्यावरून मला आणखी तीन महिने ठेवून घेतलं. मी नाही म्हणाले नाही.

हापिसच्या कागदावर मला काहीच लिहिता येत नाही, शिक्का माझ्याकडे नसतो. सत्यमदाजींना फोन केला. ते म्हणाले, मला कळतंय, पण आईशी बोला. आईंनी माझं नाव ऐकून फोन ठेवला. माझ्या साध्या कागदावर त्यांना पत्र लिहून पाठवलं आहे. उत्तर नाही.

मामी, अनिताला दिवस भरायच्या आधीच खाली आणून ठेव. वलवणला आमच्या घरी ठेव. आईला मी सांगते.

काय लिहून संपवावं कळत नाही. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

माधवी


कान्हे, दवाखाना
२२ जुलै २०२५, मंगळवार

माधवे,

वलवणला न्यायचं ठरलं व्हतं, येत्या गुरुवारी. अनिताच म्हणत व्हती की सत्यम न्यायला येईल, चार दिवस थांब. तिच्यासाठी थांबलो.

रविवारी सकाळी कळा सुरू झाल्या. पाऊस धो धो आन् किल्ल्याला जत्रा भरल्यासारखी माणसं. जीप कामशेतला हापिसामागं ताडपत्रीखाली उभी हाय, अजून कुणाला दिली बी न्हाई. वाडीतल्या हौशीरामचा पिकअप काढला. मागं गादी टाकली, वर झाकायला मामानं लाकडावरचा तुझा फ्लेक्स घेतला. खिंडीच्या अलीकडं अडकलो. म्होरं न्हाई, मागं न्हाई. हौशीरामनं हॉर्न दाबून धरला तर म्होरल्या गाडीतली पोरं हॉर्नावर नाचाय लागली. त्यांना काय म्हाईत. पिकअपात भाजी असती, न्हाईतर बकरी.

मग खाली उतरवली. पिकअपची मागली फळी काढली, तिच्यावर गादी, अनिता, वरनं फ्लेक्स. चार गडी फळीला, मी डोक्याशी फ्लेक्स धरून. नाचणाऱ्यातली दोन पोरं पळत आली आन् खांदा दिला, ते खोटं सांगणार न्हाई. एकानं माझ्या हाताखाली तुझा फोटो बघून इचारलं, ह्या कोन मॅडम? मी फ्लेक्स अनितावर आणखी म्होरं वढला. खिंड वलांडून दुसऱ्याची गाडी मिळाली. अनिता सारखी म्हणत व्हती, आई मला सोडू नको.

मुलगी झाली. रडली न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणल्या, थोडं आधी आणायला पायजे व्हतं. मी म्हणले व्हय.

अनिता वाचली. भिंतीकडं तोंड करून झोपती. तन्वीर रोज घरनं डबा आणतो, हे पत्र पण त्यालाच फोटो काढाय देणार हाय. वन्सं कालपासनं हितंच बसून हायत.

आता कामाचं. हितल्या बाई नोंदीचा कागद घेऊन दोनदा येऊन गेल्या. मेलेल्या लेकराची पण नोंद लागती म्हणं. त्यांना आईचं गाव पायजे. दाखल्यावर लोहगडवाडी हाय, कायम. सत्यमराव काल आला, दाराशी उभा राहून रडला, आन् जाताना म्हणला, आई म्हणती नोंद तिकडं केलीय तर गाव पण तिकडचंच लावा. मामा म्हणतो, वाडी लिवली तर चाकणचं दार कायमचं बंद झालं, चाकण लिव. बाई म्हणत्यात, चाकण लिवलं तर दाखला खोटा, मंग तुमच्यावर येईल. अनिताला इचारलं तर तिनं डोक्यावरनं चादर वढली.

तू शिकलीस. कोन कुठलं हे ठरवायचं काम तुझं हाय, त्यासाठीच तुला ठेवून घेतलीय. त्या पोरीचं गाव मला सांग. चालीरीती नको, सायबाचं नको, एकच शब्द लिव, मोठ्या अक्षरात. अनिताला शुक्रवारी सकाळी सोडत्यात, त्याआधी कागद भरून द्यायचाय. गुरुवारी दिवेलागणीपर्यंत मला उत्तर पायजे. व्हय मामी नको.

कस्तुरामामी